जुनी भेग पुन्हा का सरकते?

प्रश्न : आमचं गाव कोयना खोऱ्यात. लहानपणापासून धक्के अंगवळणी पडलेत. परवा मुलाच्या पुस्तकात वाचलं, की जमिनीखालचे प्रस्तरभंग कोट्यवधी वर्षांपूर्वीचे असतात. इतकी जुनी भेग इतक्या काळानं जागी कशी होते? शिवाय यंदा उन्हाळ्यात आमच्या परड्यात हातभर खोल भेग पडली आहे. ती त्यातलीच समजायची का?
— एक वाचक, ता. पाटण, जि. सातारा

उत्तर : तुमचा प्रश्न वाचला आणि मला किल्लारी आठवली. १९९३ साली मी महाविद्यालयात भूविज्ञान शिकवत होतो. ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला आणि काही आठवड्यांनी मी तिथं गेलो. गावाच्या पश्चिमेकडच्या शेतांत जमीन एका ओळीनं वर उचलली गेली होती, कुठं वीतभर, कुठं गुडघ्याएवढी. बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "गुरुजी, हे खाली कवापासून व्हतं?" दख्खनचं पठार म्हणजे स्थिर भूभाग, असं मी वर्गात दरवर्षी सांगत आलो होतो. त्या बांधावर मला उत्तर देता आलं नाही. आज तुम्हाला जे लिहितोय ते खरं तर त्यांना द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

आपल्या पायाखालचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो कितीही टणक वाटला तरी आहे गोधडीसारखा, वरून पांघरलेला. किल्लारीला भूकंपानंतर बोअर घेतलं तेव्हा ३३८ मीटरवर बेसाल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, संपला. खाली जेमतेम आठ मीटर जुना गाळ आणि मग त्याहून कितीतरी जुना मूळ खडक. तुमच्याकडे गोठणे इथं २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल बोअर पूर्ण झालं. तिथं गोधडीची जाडी सव्वा किलोमीटरच्या आसपास निघाली आणि खाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. या खडकाचं वय मोजताना कोटी हा शब्द अपुरा पडतो, अब्जांत बोलावं लागतं. मोठे प्रस्तरभंग त्या खडकात आहेत. लाव्हा वरून पसरला म्हणून खालच्या भेगा सांधल्या गेल्या नाहीत, फक्त दिसेनाशा झाल्या.

कागदाची घडी घाला, उलगडा, वर्षभर वहीत दाबून ठेवा. पुन्हा दुमडायला गेलात तर तो त्याच घडीवर दुमडतो. खडकाचंही तसंच. भेगेत गारगोटीसारखी खनिजं साचतात, ती थोडीफार सांधतेही. पण घासून घासून झालेला बारीक भुगा आत असतो, तो कालांतरानं चिकणमातीसारखा होतो, आणि आजूबाजूच्या अखंड खडकापेक्षा ती जागा कच्ची ती कच्चीच राहते. नवा खडक फोडायला जेवढा जोर लागतो त्याहून पुष्कळ कमी जोरात जुनी भेग सरकते. म्हणून 'जागी होते' हा शब्द मला पटत नाही. भेग झोपलेली नसते. तिच्यावर येणारा जोर आणि तिची पकड यांचं गणित बदलतं, एवढंच.

जोर येतो कुठून? आपला भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगानं उत्तरेकडे सरकतोय आणि हिमालयाशी अडतोय. तो दाब मागे थेट आपल्यापर्यंत पोचतो. कच्छचं उदाहरण फार बोलकं आहे. डायनासोरांच्या काळात भारत आफ्रिकेपासून सुटत होता, तेव्हा कच्छची जमीन ताणली गेली आणि भेगांवरून खडक खाली घसरले. आज तिथं ताण नाही, दाब आहे. त्यामुळं ताणाच्या काळात तयार झालेल्या त्या पट्ट्यात आता खडक उलटे, वर चढतात. २६ जानेवारी २००१ चा भूकंप त्याच पट्ट्यातला. म्हणजे कधीकाळी ज्या कारणानं भेग पडली ते कारण संपलं तरी चालतं, दुसरं कारण तिला पुरतं. मात्र भेगेची दिशा आजच्या दाबाशी जुळावी लागते. आडव्या-तिडव्या बाकीच्या भेगा तशाच पडून राहतात.

आता पकड. भेगेच्या दोन्ही बाजू वरच्या खडकाच्या भारानं घट्ट दाबलेल्या असतात. फटींतल्या पाण्याचा दाब वाढला की तो त्यांना आतून किंचित विलग करतो आणि पकड सैल होते. कोयनेत १९६२ पासून पाणी साठायला लागलं, लहान धक्के सुरू झाले, आणि ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. दोनशेच्या आसपास माणसं गेली. लोक म्हणतात, पाण्याच्या वजनानं जमीन फाटली. हिशोब करून बघा. शंभर मीटर पाण्याचा दाब पाच किलोमीटर खोलीवरच्या खडकाच्या दाबाच्या एक टक्कादेखील भरत नाही. एवढ्याशानं भेग सरकली याचा अर्थ ती आधीच सरकण्याच्या काठावर होती. मला यातली ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. धरणानं भूकंपाची शक्ती निर्माण केली नाही, साठलेल्या शक्तीला निमित्त दिलं.

पाणी खोल मुरायला वेळही लागतो. अमेरिकेत डेन्व्हरजवळ १९६२ पासून साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत सांडपाणी दाबून सोडत होते. धक्के सुरू झाल्यावर १९६६ मध्ये ते थांबवलं, तरी तिथले सर्वांत मोठे धक्के १९६७ मध्ये बसले. तुमच्याकडेही पावसाळा संपताना आणि पुढं पाणी उतरू लागल्यावर धक्क्यांची संख्या वाढते, हे तुम्ही स्वतः अनुभवलं असेल. किल्लारीला कोयनेएवढा जलाशय नव्हता, तिथं मुख्य काम भूखंडाच्या दाबाचं. दोन भूकंपांमध्ये तिथं किती हजार वर्षं जात असतील, कोणाच्या आजीपणजीच्या आठवणीत ते नव्हतं. म्हणून तर जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद अशी घरं पिढ्यान्‌पिढ्या बांधली गेली. विसर्जन करून दमून झोपलेली हजारो माणसं त्याच भिंतींखाली सापडली.

तुमच्या परड्यातल्या भेगेविषयी. जमीन काळी असेल, भेगा जाळीसारख्या असतील आणि पहिल्या दोन पावसांत बुजत असतील, तर ती माती सुकून आकसली आहे. भूकंपाच्या भेगेशी तिचा संबंध नाही. पण घर उताराला असेल आणि भेग उताराला आडवी, चंद्रकोरीसारखी वळलेली असेल, खालच्या बाजूची जमीन बोटभर जरी खचली असेल, जवळची झाडं किंवा विजेचे खांब कलले असतील, तर ती भूकंपाची नसली तरी दरडीची असू शकते. जुलै २०२१ मध्ये तुमच्याच तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला काय झालं ते तुम्ही जवळून पाहिलं आहे. तेव्हा भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका, अंतर मोजून तारखेसह लिहून ठेवा, आणि अंतर वाढलेलं दिसलं तर पावसाची वाट न पाहता तलाठ्यांना जागेवर आणून दाखवा. मोजमापं मलाही पाठवा, मी उत्तर देईन.