शारजात घर, जबल अलीत नोकरी: रोजचं जाणं-येणं जमेल का?

नोकरी जबल अली फ्री झोनमध्ये, शारजात भाडं कमी, तर तिथे राहून रोज ये-जा करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. नोकरी दुबईच्या शारजाकडच्या भागात, देरा किंवा अल कुसैसला असती, तर खुशाल शारजात घर घ्या म्हटलं असतं. जबल अलीसाठी मात्र घेऊ नका.

शारजा-दुबई इतके खेटून आहेत की अल नहदा ही वस्ती अर्धी इकडे, अर्धी तिकडे. पण जबल अली दुबईच्या पार दुसऱ्या टोकाला, अबू धाबीच्या वाटेवर. अंतर पन्नास-साठ किलोमीटर. रविवारी सकाळी पाऊण-एक तासात पोचाल. सोमवारी साडेसहाला निघालात तर दीड तास धरा. अपघात किंवा हिवाळ्यातलं धुकं असलं की दोन. संध्याकाळ त्याहून वाईट. ३११ नंबरच्या हायवेवरून शारजात शिरताना ‘नॅशनल पेंट्स’ म्हणून ओळखला जाणारा चौक लागतो. घराच्या इमारती समोर दिसत असतात आणि गाडी जागची हलत नाही. शेवटचे चार-पाच किलोमीटरच अर्धा तास खातात. शेख झायेद रोडने गेलात तर सालिक, म्हणजे इथला टोल, कापला जातो, २०२५ पासून गर्दीच्या वेळी दर गेटला ६ दिरहम. ३११ वर सालिक नाही, म्हणून सगळी गर्दी तिकडे.

मेट्रो शारजात येत नाही. बसने दुबईत युनियन स्टेशनला उतरून मेट्रोची रेड लाइन धरायची, त्यात दोन तास सहज जातात. शिवाय रेसिडेन्सी लागल्यावर आपलं भारतातलं लायसन्स चालत नाही. इथलं हातात पडेपर्यंत बस नाहीतर कारलिफ्ट, म्हणजे पैसे देऊन दुसऱ्याच्या गाडीतून रोजची ये-जा. कारलिफ्ट परवान्याची आहे ना, ते आधी बघा.

बायको-मुलगी नंतर येणार म्हणालात, म्हणून हेही सांगते. शारजातल्या शाळा शुक्रवार, शनिवार, रविवार बंद असतात. दुबईत खासगी कंपन्यांना शुक्रवारी बहुधा काम असतं. म्हणजे मुलीच्या सुट्टीच्या दिवशीही तुम्ही कामावर, आणि इतर दिवशी ती झोपल्यावर घरी. माझ्या मते भाड्यात वाचणाऱ्या पैशापेक्षा हे फार महाग पडतं.

त्यापेक्षा दुबईतच जबल अलीजवळची डिस्कव्हरी गार्डन्स ही वस्ती बघा. भाडं जास्त आहे, पण आपली कुटुंबं भरपूर, मेट्रो स्टेशन आहे आणि ऑफिस वीसेक मिनिटांवर. दोन खोल्यांऐवजी एक घ्यावी लागली तरी घ्या. करार वर्षाचा असतो, पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात आणि मध्येच सोडलं तर दंड बसतो. म्हणून आल्या आल्या कुठेच सही करू नका. महिनाभर कंपनीच्या जागेत किंवा शेअरिंगमध्ये काढा, कामाच्या दिवशी दोन्ही वेळा तो रस्ता करून बघा.

एचआरला एक विचारा: शारजाहून कंपनीची बस आहे का? असेल तर ती कुठून आणि किती वाजता सुटते ते कळवा. स्टॉपजवळच्या बऱ्या इमारती मी सांगते.