खातं बदललं कधी, मोबाइल बदलला कधी?

प्रश्न : शाहू मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे. शेतकऱ्यांची नावं, गाव, मोबाइल, बँक खातं सगळं मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेसमध्ये आहे. फॉर्ममधून काही बदललं की 'शेवटचा बदल' म्हणून तारीख पडते. परवा एकाच्या पट्टीचे (विकलेल्या गुळाच्या हिशेबाचे) पैसे त्याच्या जुन्या खात्यावर गेले. तारीख गेल्याच आठवड्यातली, पण तेव्हा खातं बदललं की नुसता मोबाइल, हे कळेना. प्रत्येक रकान्याची तारीख आपोआप पडेल का?
– एक अडत्या, कोल्हापूर

उत्तर : पडेल की! पण सगळ्या रकान्यांची कशाला? गावाचं शुद्धलेखन कधी सुधारलं, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. पैसे ज्यावरून जातात ते दोनच धरा, खाते क्रमांक आणि आयएफएससी. दोन्हींसाठी मिळून 'खाते_बदल' हा तारीख-वेळेचा एक रकाना पुरे.

फॉर्मवर मात्र विसंबू नका. घाईच्या दिवशी दिवाणजी थेट टेबल उघडून नंबर चिकटवतात, फॉर्मला त्याचा पत्ताही लागत नाही. नियम टेबलालाच लावायचा. अ‍ॅक्सेस २०१० पासून त्यासाठी डेटा मॅक्रो आहेत, म्हणजे टेबलात बदल झाला की आपोआप चालणाऱ्या सूचना. फाइल जुन्या एमडीबी प्रकारातली असेल तर आधी एसीसीडीबी या नव्या प्रकारात करून घ्या. बॅकअप काढायचा हे सांगायला नकोच, तरी सांगतो. टेबल डिझाइनमध्ये उघडा, 'क्रिएट डेटा मॅक्रोज'मधून 'बिफोर चेंज' निवडा. 'इफ'च्या अटीत 'अपडेटेड' हे फंक्शन, कंसात अवतरणचिन्हांत रकान्याचं नाव. मग 'ऑर' आणि दुसऱ्या रकान्याचं तसंच. खाली 'सेटफील्ड' : नाव खाते_बदल, किंमत 'नाऊ' आणि रिकामा कंस. (फंक्शनं अर्थातच इंग्रजीत टाइप करायची.) वेळ ज्या कॉम्प्युटरवर बदल झाला त्याच्याच घड्याळाची पडते, तेव्हा काउंटरवरच्या जुन्या मशीनचं घड्याळ बघून घ्या.

जुन्या शेतकऱ्यांपुढे हा रकाना कोरा राहील. राहू दे. दिसायला बरं म्हणून आजची तारीख भरलीत तर ती खोटी नोंद होईल.

यातून तारीख कळेल, आधीचा खाते क्रमांक नाही. तो हवाच असेल, आणि तुमच्या धंद्यात तो हवाच, तर 'खाते_इतिहास' असं वेगळं टेबल करा. 'बिफोर चेंज'मध्ये नवं रेकॉर्ड तयार करता येत नाही. ते काम 'आफ्टर अपडेट'चं : तिथं 'क्रिएट रेकॉर्ड' घ्या, 'ओल्ड'मधून आधीचा नंबर मिळतो.

बँकेला यादी पाठवायच्या आधी गेल्या पंधरा दिवसांत खातं बदललेल्यांची क्वेरी काढा आणि तेवढ्यांना फोन लावा.