भाटघरच्या फुगवट्यावर गळ कधी टाकायचा, कुठं टाकायचा

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो, रविवार एवढाच सुटीचा. दोन वर्षं झाली रॉड-रील घेऊन, भोरजवळच्या भाटघर धरणावर आठ-दहा वेळा तरी जाऊन आलोय पण हातात मासा जवळपास नाहीच. एकाने सांगितलं नोव्हेंबर बेस्ट, दुसरा म्हणतो एप्रिल-मे. एवढं मोठं पाणी, बसायचं कुठं तेच कळत नाही. नक्की महिना आणि नक्की जागा सांगा. (एक वाचक, हडपसर)

उत्तर : दादा, दोघांनीही खरंच सांगितलंय तुम्हाला, पण अर्धंच. भाटघरला महिना धरून बसाल तर फसाल, इथं पाणी बघायचं असतं, चढतंय का उतरतंय, आणि उतरत असेल तर किती वेगानं. धरण १९२८ चं, साठा साधारण २३.५ टीएमसी, आणि हे सगळं पाणी खाली वीर धरणावरून नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांना जातं. बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसचा ऊस त्याच्यावर उभा आहे. म्हणजे उन्हाळ्यात आवर्तन सुटलं, शेतीसाठी कालव्याला पाणी सोडलं, की पाण्याची कड रोज मागं सरकते. गेल्या रविवारी जिथं गळ टाकला होता तिथं या रविवारी चिखल असतो, आणि आपण आपले त्याच दगडावर बसून नवीन काठाच्या उथळ पाण्यात गळ टाकत राहतो. तुमचं बहुतेक हेच होत असणार, माझीही पहिली कित्येक वर्षं अशीच गेली.

आता जागेचं. धरण भरलेलं असताना फुगवटा, म्हणजे भिंतीमागं अडून पसरलेलं पाणी, सगळीकडे सारखाच दिसतो, त्यावरून काहीच कळत नाही. म्हणून मे महिन्यात एकदा नुसतं बघायला जा, रॉड घरी ठेवून. वेळवंडी नदीचं जुनं पात्र तेव्हा उघडं पडतं. कांबरे गावचं कांबरेश्वराचं देऊळ वर्षातला बराच काळ पाण्याखाली असतं ते बाहेर येतं, लोक दर्शनाला जातात, तुम्हीही जा आणि देवळापाशी उभं राहून चारी बाजूला नीट बघा. जुन्या शेतांचे दगडी बांध दिसतील, पायऱ्यांसारखे खाली नदीकडे उतरत गेलेले, तोडलेल्या झाडांचे बुंधे दिसतील, डोंगरावरून येणारे ओढे नदीला कुठं मिळत होते ते दिसेल. मोबाईलमध्ये फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा. हीच तुमची जागा. पुढं पाणी चढल्यावर मासा या बांधांच्या कडेकडेनंच फिरतो, कारण सपाट गाळात त्याला ना आडोसा ना फारसं खाणं.

मी स्वतः बसतो तो एक बांध असाच मे महिन्यात सापडलेला. कंबरेएवढा उंच, मधे एका ठिकाणी पडलेला, बैलगाडी जाईल एवढी वाट झालेली. दिवाळीनंतर त्याच्यावर दोन पुरुष उंचीचं पाणी असतं आणि गळ बरोबर त्या पडलेल्या वाटेत गेला की रोहू लागतो, चार हात इकडेतिकडे झाला तर दिवसभर काही नाही. सकाळी पाणी शांत असताना तिथं बारीक बारीक बुडबुडे एका रांगेत वर येताना दिसतात, साबणाच्या फेसासारखे, खाली मृगळ नाहीतर सायप्रिनस (कॉमन कार्प) गाळ उकरत असतो. असे बुडबुडे दिसले की बोलणं बंद करायचं आणि अलगद टाकायचं.

आता तुमचा महिन्याचा प्रश्न. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत पाणी निवळलेलं आणि धरण भरलेलं असतं, मासा काठाजवळ असतो, नवख्या माणसाला हा काळ चांगला. डिसेंबर-जानेवारीत मासा खोल जातो, भूक मंदावते, तेव्हा पहाटे कुडकुडत बसण्यात अर्थ नाही, अकरा ते तीन बसा, ऊन लागणाऱ्या काठाला. फेब्रुवारीच्या शेवटापासून परत जोर येतो आणि एप्रिल-मेमध्ये पाणी आटून जुन्या पात्राकडे आलेलं असतं म्हणजे तेवढाच मासा कमी जागेत, पण तेव्हा उजाडताना दोन तास आणि दिवस मावळताना दोन तास, बाकी दुपारी झोपा. आवर्तन जोरात चालू असताना मासा बिचकतो असा माझा अनुभव आहे, पाणी बंद होऊन दोन-तीन दिवस गेले की मग जा.

आमिषाचं थोडक्यात. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. म्हणजे कणीक आणि शेंगपेंडेचा गोळा तोच, पण कटल्याला तो तरंगत ठेवायचा आणि मृगळाला तळाशी बसवायचा. सगळ्यांना एकाच खोलीवर गळ सोडून कसं चालेल? संध्याकाळी वारं सुटलं तर वारं ज्या काठावर येऊन आपटतंय तिथं जा, त्रास होतो, लाईन उडते, पण वरचं खाणं वाहून तिकडंच जमतं आणि कटला तिकडं येतो.

प्रश्न : पहिल्या पावसात ओढ्याच्या तोंडाशी मासे ढिगानं मिळतात असं ऐकलं. जूनमध्ये यावं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मिळतात, आणि म्हणूनच हात जोडून सांगतो, येऊ नका. मृगाचा पाऊस लागला की मासा ओढ्यानं वर चढतो तो अंडी घालायला चढतो, पोटात गाबोळी असते. त्या एका मादीच्या पोटात लाखावर अंडी असू शकतात. खोऱ्यातली घरं चढणीचे मासे पिढ्यानपिढ्या खात आली, टोपलीभर, घरापुरते, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण आता शहरातून गाड्या येतात, ओढ्याला आडवी जाळी लावतात, पोती भरून नेतात, आणि मग ऑक्टोबरात तेच लोक म्हणतात धरणात मासाच राहिला नाही. महाशीर तर पावसाळ्यातच वरच्या खडकाळ वाहत्या पाण्यात जातो. आमच्या दख्खनच्या महाशीराचं शास्त्रीय वर्णन १८३९ साली पुण्याजवळच्या नदीतल्याच माशावरून झालं आणि आज पुण्याच्या पोरांनी तो पाहिलेला नसतो. गळाला लागलाच तर ओल्या हातानं धरा, गळ काढा, तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरून ठेवा, तो स्वतः शेपटी मारून जाईल तेव्हाच सोडा.

मरळीचंही तेच. काठाच्या गवतात पाण्यावर केशरी-लालसर ठिपक्यांचा घोळका हलताना दिसला तर ती तिची पिल्लं, आणि खाली ती राखण करत असते, म्हणून गळावर लगेच झेप घेते. ते घेऊ नका. ती गेली की दुसरे मासे पिल्लं संपवतात.

आणि कुणी मासे मारायला जिलेटिनच्या कांड्या (स्फोटकं) फोडताना किंवा पाण्यात विष टाकताना दिसलं तर गप्प बसू नका. १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून तो गुन्हा आहे.

प्रश्न : परवाना लागतो का? काठावरच्या माणसांनी आम्हाला उठवलं. (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : धरणातला मासेमारीचा हक्क ठेक्यानं दिलेला असतो, बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेला. त्यांनी मत्स्यबीज सोडलेलं असतं, पैसे भरलेले असतात, त्यांची चूल त्याच्यावर आहे. म्हणून आधी गावात विचारा, संस्थेच्या माणसाला भेटा, जी काही पावती असेल ती घ्या. त्यांच्या जाळ्याच्या दोरीजवळ गळ टाकू नका. भिंतीजवळ आणि दरवाजांच्या खाली तर कुणी सांगायची वाट न बघता जाऊच नका. शेतातून वाट असेल तर विचारून, उन्हाळ्यात कडेला गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, केलेली असते ती तुडवू नका.

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या मुलीला शिकायचंय. मला स्वतःला काहीच येत नाही. कुठून सुरुवात करू? (एक वाचक, कात्रज)

उत्तर : ताई, फार आनंद झाला. पण आधी एक. २०२२ च्या मे महिन्यात याच फुगवट्यात पाच जणी बुडाल्या. काठ उथळ वाटतो आणि दोन पावलांवर जुना बांध संपून एकदम खोल होतं, त्यात गाळात पाय रुतला की ओढून निघत नाही. त्यामुळे मुलीला लाइफ जॅकेट, पाण्यात पाय नाही, आणि बसायला खडकाळ टणक काठ.

रॉडची गरज नाही. वेताची किंवा बांबूची काठी, तेवढ्याच लांबीचा दोरा, सगळ्यात बारीक गळ, छोटा फ्लोट, गांडुळाचा नखाएवढा तुकडा. नोव्हेंबरातली सकाळ धरा, सात ते नऊ. चिलापी (तिलापिया) काठालाच असते आणि पटकन लागते, मुलांचा धीर सुटत नाही. ती बाहेरून आणलेली जात आहे आणि भरपूर झालीय, घरी नेऊन तळली तरी मनाला लावून घेऊ नका. फक्त धरताना काळजी घ्या, पाठीवरचे काटे ती ताठ उभे करते. हात डोक्याकडून शेपटीकडे फिरवत न्यायचा, काटे आपोआप आडवे होतात. पहिल्या दोन तुम्ही धरून दाखवा, तिसरी तिला धरू द्या.