वस्तीत काम सुरू करणाऱ्या नव्या ताईसाठी
जनता वसाहतीत गेल्या गेल्या मुलांना 'चांगला-वाईट स्पर्श' शिकवायला बसू नकोस. आधी आयांशी बोल. त्या कामावर गेल्यावर पोर कुणाकडे असतं? अंधार पडल्यावर सार्वजनिक संडासला एकटं जातं का? धोका बहुतेकदा ओळखीच्याच माणसाकडून असतो, म्हणून 'काकांना पापी दे' ही बळजबरी आधी थांबवायला सांग.

मूल काही बोललं तर शांतपणे ऐक, खोदून विचारू नकोस. त्याचेच शब्द वहीत उतरव. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र कधीच देऊ नकोस. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं आपल्याला बंधनकारक आहे, घरचे 'आपसात मिटवू' म्हणाले तरी. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन नंबर चोवीस तास चालू असतो. आणि मुलाचं नाव ग्रुपवर टाकायचं नाही, शेजारणीलाही सांगायचं नाही.