वाचकांचे प्रश्न : अमूर्त चित्र आणि त्याच्या शेजारची नोंद

प्रश्न : एका विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात मी काही महिने अमूर्त चित्रे पाहत आहे. त्यांच्यावरचे शोधनिबंध आणि प्रबंधही तिथेच वाचायला मिळतात. चित्र पाहताना मनात काहीतरी उमटते, पण निबंध वाचला की ते चुकीचे होते असे वाटू लागते. आधी चित्र पाहावे की आधी संशोधन वाचावे? आणि पडद्यावर दिसणाऱ्या रंगांवर कितपत भिस्त ठेवावी?

उत्तर : आधी चित्रच पाहावे. दहा मिनिटे तरी पाहावे आणि जे वाटले ते दोन ओळींत लिहून ठेवावे, म्हणजे निबंधाने आपले मत खरोखर बदलले की नुसते दडपून टाकले, हे मागाहून पडताळता येते. आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मात्र आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. निसर्गचित्रातले झाड पडद्यावर थोडे पिवळट दिसले तरी ते झाड म्हणून ओळखू येते. पण लाल रंगाला खेटून काळपट लाल, एवढेच ज्या चित्रात घडते आहे, तिथे छटा जराशी सरकली की चित्रच वेगळे होते.

रंगाची ही अडचण पडद्यापाशी सुरू होत नाही, हे अमेरिकी अमूर्त चित्रकार मार्क रॉथको यांच्या हार्वर्ड विद्यापीठातील चित्रांवरून चांगले कळते. त्यांचे पाच भव्य चित्रफलक 1964 साली तिथल्या एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर, भोजनाच्या दालनात लावण्यात आले. दालनाला मोठमोठ्या खिडक्या होत्या आणि ऊन सरळ आत येत असे. रॉथको यांनी किरमिजी रंग साधण्यासाठी लिथॉल रेड हे रंगद्रव्य वापरले होते आणि ते उजेडात टिकणारे नव्हते. लाल उडत गेला, काही ठिकाणी निळसर झाक तेवढी उरली, आणि 1979 साली फलक उतरवून कोठारात ठेवावे लागले. वरून पुन्हा रंग देण्याचा मार्गही मोकळा नव्हता, कारण चित्रांवर वार्निशचा संरक्षक थर नव्हता आणि दिलेला रंग पुढे मूळ रंगाला धक्का न लावता काढता आला नसता.

मग संशोधकांनी 1964 साली फलकांच्या काढलेल्या रंगीत पारदर्शिका (स्लाइड) बाहेर काढल्या. गंमत अशी की पुरावा म्हणून काढलेल्या या पारदर्शिकांचेच रंग उतरले होते, त्यामुळे आधी त्यांची डिजिटल दुरुस्ती करावी लागली. याच मालिकेसाठी रंगवलेला, पण तिथे कधीच न लावलेला सहावा फलक रंग टिकवून होता. ताळा घेण्यासाठी त्याचा उपयोग झाला. मूळ रंग आणि आजचा रंग यांतला फरक बिंदूगणिक काढून तेवढाच प्रकाश प्रोजेक्टरने फलकांवर टाकण्यात आला. 2014 साली हार्वर्डच्या कला संग्रहालयात हे प्रदर्शन भरले, तेव्हा रोज दुपारी चार वाजता प्रोजेक्टर बंद केले जात आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत किरमिजी विरून फिकट, थकलेला कॅनव्हास समोर येई.

तेव्हा कोणत्याही नोंदीत चित्राच्या सालाबरोबर छायाचित्राचे साल दिले आहे का, ते अवश्य पाहावे. चाळीस वर्षांपूर्वीचे छायाचित्र आणि गेल्या वर्षीचे छायाचित्र यांत रंग वेगळे दिसले, तर फरक कॅमेऱ्याचा, पडद्याचा की खुद्द चित्राचा, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर शेजारच्या शोधनिबंधातच मिळण्याचा संभव अधिक. आकाराचेही असेच आहे. स्वीडिश चित्रकर्ती हिल्मा आफ क्लिंट यांनी 1907 साली काढलेली दहा मोठी चित्रे प्रत्येकी तीन मीटरहून उंच आहेत. फोनवर ती तळहाताएवढी दिसतात, म्हणून मापांची ओळ वाचून ती उंची समोरच्या भिंतीवर एकदा मनाने आखून पाहावी.

प्रश्न : अमूर्त चित्र संग्रहात उलटे चढवले गेले, तर ते कोणाच्या लक्षात तरी येईल का?

उत्तर : प्रश्न खोडकर आहे, पण गैरलागू नाही. डच चित्रकार पीट मोंद्रियान यांचे रंगीत चिकटपट्ट्यांनी केलेले ‘न्यूयॉर्क सिटी 1’ हे 1941 चे चित्र 1945 पासून ज्या बाजूने टांगले जात होते, ती बाजू बहुधा उलटी असल्याचे 2022 साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयाने जाहीर केले. चित्रावर सही नाही. मोंद्रियान यांच्या चित्रशाळेच्या 1944 सालच्या एका छायाचित्रात हेच चित्र रंगकामाच्या घोडीवर (ईझलवर) दिसते आणि तिथे पट्ट्यांची दाटी वरच्या कडेला आहे. संग्रहालयात ती खालच्या कडेला होती. इतक्या वर्षांनी चित्र फिरवले तर सैल झालेल्या पट्ट्या निखळतील, या भीतीने ते आहे तसेच ठेवण्याचे ठरले.

घरबसल्या करता येण्याजोगी एक तपासणी सांगतो. संग्रहालयांच्या नोंदींत माप देताना सहसा उंची आधी आणि रुंदी नंतर लिहितात. नोंद 180 × 120 सेंटिमीटर म्हणते आणि पडद्यावर चित्र आडवे दिसते, तर स्कॅन करताना कोणीतरी ते फिरवले असण्याची शक्यता आहे. संग्रहाच्या ग्रंथपालांना तसे जरूर कळवावे. अर्थात चित्र पुरते उलटे असेल, तर मापे काही बोलणार नाहीत.

प्रश्न : प्रबंधात चित्राच्या जागी रिकामी चौकट आणि ‘स्वामित्वहक्कामुळे चित्र वगळले आहे’ अशी ओळ का असते? आणि माझ्या लेखात अशा चित्राचा संदर्भ कसा द्यावा?

उत्तर : प्रबंधाचा मजकूर त्या संशोधकाचा असतो, चित्राचा हक्क बहुधा चित्रकाराकडे किंवा त्याच्या वारसांकडे. स्वामित्वहक्कांविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार हा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर किमान 50 वर्षे राहतो आणि अनेक देशांत मुदत 70 वर्षांची आहे. रॉथको 1970 साली वारले. 70 वर्षांची मुदत असलेल्या देशांत त्यांच्या चित्रांवरचा हक्क 2040 च्या अखेरीपर्यंत चालेल. प्रबंध सर्वांना खुला असला, तरी त्यातली चित्रे उचलण्याची परवानगी त्यातून मिळत नाही.

संदर्भ देताना चित्रकार, शीर्षक, साल, माध्यम आणि माप यांच्या जोडीला संग्रहाचा नोंदणी क्रमांक लिहायला विसरू नये. अमूर्त चित्रकारांनी आपल्या कितीतरी चित्रांना ‘शीर्षकहीन’ एवढेच नाव दिलेले असते, आणि एकाच साली काढलेली तशी तीन चित्रे क्रमांकाशिवाय वेगळी ओळखता येत नाहीत. दुवा देताना ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता उचलू नये, कारण संकेतस्थळाची रचना बदलली की तो निकामी होतो. नोंदीच्या पानावर हँडल किंवा डीओआय नावाचा कायमस्वरूपी दुवा दिलेला असेल, तोच घ्यावा.