सीओपीडीची इम्युनॉलॉजी: सुरुवात पेशींपासून कर

सीओपीडी म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार. त्यातली इम्युनॉलॉजी (प्रतिकारशक्तीचा अभ्यास) शिकताना सायटोकाइन्सचा (पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात त्या प्रथिनांचा) तक्ता पाठ करायला बसला असशील, तर तो आधी बाजूला ठेव. मॅक्रोफेज (जंतू आणि कचरा गिळणाऱ्या पेशी), न्यूट्रोफिल (दाहाच्या जागी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी), सीडी८ टी पेशी (बाधित पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी), एवढंच धर.

धूर आत गेला (विडीचा असो की चुलीचा) की मॅक्रोफेज न्यूट्रोफिलना बोलावून घेतात. न्यूट्रोफिल इलास्टेज हे प्रथिन तोडणारं एन्झाइम सोडतात आणि फुप्फुसाला लवचीक ठेवणारं इलास्टिनच तुटतं. इलास्टेजला आवर घालतं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे रक्तातलं प्रथिन. ते जन्मतःच कमी असलेल्यांना कमी वयात एम्फिसीमा (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांच्या भिंती नष्ट होणं) होतो, हे १९६३ मध्ये स्वीडनमध्ये लक्षात आलं. ही साखळी पक्की झाली की निम्मं काम झालं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- 'इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) म्हणजे दमा' असं धरणं. काही सीओपीडी रुग्णांतही ते वाढलेले असतात.
- रुग्ण स्टिरॉइडच्या गोळ्या घेतोय का, हे न विचारणं. गोळ्यांनी रक्तातल्या इओसिनोफिलचा आकडा धाडकन खाली येतो.
- सिगारेट सुटली की दाह संपला, असं समजणं. तो वर्षानुवर्षं रेंगाळू शकतो.

इन्फ्लमासोमच्या (पेशीच्या आत दाह पेटवणाऱ्या प्रथिनांच्या जुळणीच्या) वाटेला इतक्यात जाऊ नकोस. बेडक्याची स्लाइड लाव. मोठ्या चपट्या पेशी दिसल्या तर त्या तोंडातल्या, म्हणजे नमुन्यात लाळच जास्त आली. तुकड्यातुकड्यांचं केंद्रक दिसलं तर न्यूट्रोफिल. घाबरू नकोस, नजर लवकर बसते.