तिघांना एकच मुलगी दिसू दे

पोरी,

सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीत, भोपाळला, तू दुसऱ्यांदा कॉन्फरन्स आउट झालीस, म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत टिकून निवड हुकली, आणि आता विचारतेस, टीएटीच्या, म्हणजे चित्र बघून लिहायच्या, गोष्टीतला नायक सैन्यातला घ्यावा की गावातला. पत्रासोबत क्लासमधली पाठ केलेल्या वाक्यांची वही पाठवलीस. ती वाचून मला वहीचाच राग आला.

स्क्रीनिंग, म्हणजे पहिली चाळणी, तू दोनदा पार केलंस, त्यामुळे तिथल्या ओआयआर (बुद्धिमत्ता चाचणी) आणि पीपीडीटीवर (चित्रावरची गोष्ट आणि गटचर्चा) मी शब्द खर्च करत नाही. तुझं घोडं पुढे अडतंय.

एसएसबीत तुला तिघं तपासतात. मानसशास्त्रज्ञ तुझं लिखाण वाचतो, जीटीओ, म्हणजे गटाच्या चाचण्या घेणारा अधिकारी, मैदानावर बघतो, मुलाखत घेणारा अधिकारी तुला बोलतं करतो. मनसा, वाचा, कर्मणा. तिघं आपापलं मत स्वतंत्रपणे बनवतात आणि पाचव्या दिवशी कॉन्फरन्समध्ये अधिकाऱ्याच्या अंगी हव्या त्या १५ गुणांवरची ती मतं शेजारीशेजारी मांडली जातात. तिथे तिघांना तीन वेगळ्या मुली दिसल्या, तर तुझ्या बाजूने बोलायचं कोणी? तिघांना एकच मुलगी दिसायला हवी. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नकोस.

डब्ल्यूएटी घे, शब्द दिसला की त्यावर वाक्य लिहायची चाचणी. ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद. त्यातच शब्द वाचायचा, सुचायचं आणि लिहायचं. पाठ केलेलं वाक्य आठवण्यात निम्मा वेळ जातो. तिसाव्या-चाळिसाव्या शब्दापर्यंत पाठांतर संपतं, हात थकतो आणि खरी तू कागदावर उतरू लागतेस. मग वरचे सुविचार एकीचे आणि खालची वाक्यं दुसरीचीच वाटतात. ‘भीती’ या शब्दावर वहीत आहे, ‘भीतीवर धैर्याने मात करता येते.’ हे वाक्य कुणाचंही असू शकतं. तू पोहायला विहिरीत शिकली असशील, तर ‘पहिल्या उडीनंतर विहिरीची भीती गेली’ असं लिही. इंग्रजी साधं असलं तरी चालतं.

टीएटीत चित्र ३० सेकंद दिसतं, लिहायला ४ मिनिटं. अशी ११ चित्रं, बारावा कागद कोरा. नायक गणवेशात आहे की धोतरात, याने काही बिघडत नाही. बिघडतं कुठे, तर तुझा नायक दोन ओळींत पूर आटोक्यात आणतो आणि तिसऱ्या ओळीत सत्कार घेतो. दोर कुठून आणला, कोणाला निरोप धाडला, आधी कोणाला हलवलं, याचा पत्ताच नाही. तू स्वतः जे करू शकशील तेच त्याला करू दे. एसआरटीतही, म्हणजे दिलेल्या प्रसंगात काय करशील ते लिहायच्या चाचणीतही, तेच. ३० मिनिटांत ६० प्रसंग, म्हणजे प्रसंगाला अर्धं मिनिट. तेवढ्यात कृती लिही, उपदेश नको.

आता मैदान. पीजीटीमध्ये, म्हणजे गटाने मिळून अडथळे पार करायच्या कामात, फळी, बल्ली (लाकडी वासा), दोरी आणि एक ओझं मिळतं. लाल रंगाला शिवायचं नाही, चार फुटांहून मोठं अंतर उडी मारून ओलांडायचं नाही. फळी पुढे अधांतरी काढायची तर मागच्या टोकावर वजन लागतं. सगळे पुढे धावतात, मागे कोणी थांबत नाही, फळी उलटते आणि आख्खा गट परत मागे. नाहीतर सगळे पार होतात आणि ओझं अलीकडेच राहतं. न सांगता मागच्या टोकावर बसणारी मुलगी जीटीओला नीट दिसते. पण स्वतःविषयी लिहिताना ‘मी जन्मजात नेतृत्व करते’ आणि इथे नुसता आरडाओरडा, हे कसं जुळायचं?

एकटीने पार करायचे वैयक्तिक अडथळे १०, वेळ ३ मिनिटं, प्रत्येक अडथळ्याचे गुण वेगळे, १ ते १०. क्रम गुण बघून ठरवू नकोस, जवळचं आधी घे. धावण्यात वेळ जातो.

मुलाखतीत तुझा पीआयक्यू, म्हणजे तू स्वतः भरलेला माहितीचा फॉर्म, समोर असतो. तिथे छंद ‘ट्रेकिंग’ लिहिलायस. शेवटचा गड कोणता, पाणी किती नेलं, कोण मागे पडलं? अधिकारी एका दमात दहाबारा प्रश्न विचारतो तेव्हा क्रमाने उत्तर दे, एखादा निसटला तर विचार. खोटा छंद दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो.

मला मुलं हेकट म्हणतात. तयार उत्तरं देत नाही म्हणून काही जण दुसरीकडे जातात. जाऊ देत. एकेकाळी अशा वह्या मीही मुलांच्या हाती दिल्या आहेत, त्याची खंत आहे, म्हणूनच आता देत नाही. यात माझं चुकत असेल असं मला वाटत नाही.

तुझ्यात काही कमी आहे म्हणून मी हे लिहीत नाही, बाळा. जी आहेस ती तू अजून त्यांना दाखवलीच नाहीस.

एक काम कर. १५ मिनिटं घड्याळ लावून स्वतःचं वर्णन लिही: आईवडील, शिक्षक, मैत्रिणी तुझ्याविषयी काय म्हणतात, तुला स्वतःला काय वाटतं, पुढे कसं व्हायचंय. मग आईला, एका शिक्षकाला आणि खोलीतल्या मैत्रिणीला खरोखर विचार आणि त्यांचे शब्द शेजारी लिही. पीआयक्यूची प्रत त्याखाली ठेव. जिथे जुळत नाही तिथे लाल खूण कर. तो कागद घेऊन रविवारी ये. वही आणू नकोस.